मुठीतला छर्रा

ग्रीसचा डबा उघडला की आमचं चामोर्शीचं अंगण आठवतं. एटापल्लीकडच्या खड्ड्यांनी भावाच्या मोटारसायकलचं हँडल अडखळायला लागलं होतं, आणि तिकडे माहेरी बाळंत झालेल्या वहिनीला बघायला त्याला त्या दिवशी सकाळीच निघायचं होतं. मी पुढचे शॉकअप उतरवले, स्टिअरिंगच्या बेअरिंगचे बारीक पोलादी छर्रे ताटलीत डिझेल घेऊन धुतले, ग्रीस लावून एकेक बसवले आणि सगळं कसलं. हँडल सहज फिरलं. तो गेला. मग ताटली उचलली, तर तळाच्या काळ्या चिखलात एक छर्रा चिकटलेला. एक छर्रा कमी, ऐन वळणावर हँडल अडकलं तर? फोन लावून बघितला, पण जंगलात रेंज कुठली. दिवसभर मी फाटकापर्यंत जायचो नि परत यायचो. “असा काऊन फिरून राह्यला? जेवून घे ना,” आई म्हणायची. मी मुठीतला छर्रा आणखी घट्ट दाबायचो. दिवेलागणीला गाडी आली. “मस्त केलं बे हँडल. आता दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाई मी,” भाऊ म्हणाला. मी मूठ उघडली नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी कारण काढून हँडल पुन्हा खोललं आणि छर्रा जागेवर बसवला. पण भावाला यायला उशीर झाला, की माझी रिकामी मूठ अजूनही मिटते.