शकूअक्कांची सही

शकूअक्का आज सकाळी गेल्या, आणि बातमी ऐकून मला आधी हायसं वाटलं.

खोटं कशाला बोलू? आधी हायसं वाटलं. रडू तर नंतरही आलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण मला इनबॉक्समध्ये विचारता, "सर, क्लाउडमध्ये करिअर कसं सुरू करायचं?"
मी साळसूदपणे उत्तर देतो. लिनक्स शिका, नेटवर्किंग पक्कं करा, एखादं सर्टिफिकेशन करा.

माझं स्वतःचं कसं सुरू झालं, ते कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

१९९३. पुण्याहून इंजिनिअर होऊन मी बंगलोरला आलो. इंदिरानगरमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस. ज्यांना कॉम्प्युटर परवडत नव्हता, त्यांची कामं आम्ही आमच्या मशीनवर करून द्यायचो.
आज यालाच क्लाउड म्हणतात आणि टाय लावून विकतात.

मशीनच्या एसी खोलीत राज्य शकूअक्कांचं. त्या ऑपरेटर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, चिकपेटमध्ये पिढ्यानपिढ्या साड्यांचं दुकान असलेल्या मराठी घरातल्या. शिक्षण दहावी. पण मशीन बिघडणार हे त्यांना आम्हा इंजिनिअर लोकांच्या आधी कळायचं.

युनिक्सची पहिली कमांड मला त्यांनी शिकवली. टेपवर बॅकअप कसा घ्यायचा, तेही.

"टेप भरली म्हणून झालं नाही रे. परत लावायची, वाचून बघायची, मगच रजिस्टरात सही करायची. मी सांगतो ते ऐक."

बाई असून 'सांगतो'. त्यांच्याकडे तसंच बोलतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायचो आणि ऑफिसातली पुण्याची पोरं पोट धरून हसायची. अक्का पलीकडच्या टेबलावर डबा खात असायच्या. त्यांना ऐकू जायचं. मला ते माहीत होतं, म्हणून तर मी आवाज चढवायचो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डब्यातलं चित्रान्नही खायचो.

एका शनिवारी अक्कांकडे पाहुणे येणार होते. टेप वाचून बघायचं काम माझ्यावर सोपवून त्या लवकर गेल्या. दीड तासाचं काम. तिकडे कोरमंगलाला मित्राच्या रूमवर सगळे मॅच बघायला जमलेले.

मी टेप भरली आणि सटकलो.

सोमवारी अक्कांनी रजिस्टर पुढे केलं.

"टेप वाचलास काय रे?"

"हो."

"मग सही कुठं आहे?"

"राहिली. तुम्हीच करा ना अक्का, खोली तुमचीच आहे."

त्या हसल्या. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', म्हणाल्या आणि सही केली.

बुधवारी डिस्क गेली. एका कॉलेजच्या अख्ख्या वार्षिक परीक्षेचे मार्क तिच्यावर होते. टेप लावली, तर टेप कोरी. शनिवारी तिच्यावर काहीच उतरलं नव्हतं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर टेबलावर उघडं.

अक्का मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही टोल्ड, सर. ही टोल्ड ही रीड."

मी चांगल्या इंग्रजीत, एकदाही न अडखळता सांगितलं की मी शनिवारी दोनलाच निघालो होतो, टेप तपासणं हे ऑपरेटरचं काम आहे आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिलं खरं होतं, म्हणून बाकीचं खपलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत होत्या. मी पेनचं टोपण काढत-लावत बसलो.

त्याच दिवशी त्यांना काढलं. दोन महिन्यांनी मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झालो. पुढचं सगळं माझ्या प्रोफाइलवर आहेच, ठळक अक्षरांत.

अक्कांना कॉम्प्युटरची नोकरी पुन्हा मिळाली नाही. या धंद्यातले चार मालक एकमेकांना ओळखायचे. त्या भावाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत बसल्या, ते शेवटपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी बायकोबरोबर चिकपेटला गेलो, तर समोर अक्का. त्यांना बाजूला घेऊन मी माफी मागितली. आपलं मन किती मोठं, असंही वाटून घेतलं.

त्या म्हणाल्या, "माझ्या कानात सांगून काय उपयोग? मला ठाऊक आहे की. माझ्या भावाला कळू दे. श्रीनिवास अजून म्हणतो मला, पोरांचे मार्क घालवलेली बाई. तू फेसबुकवर लिहितोस ना? तिथं लिही. मी त्याला वाचायला देतो."

"लिहितो," म्हणालो.

लिहिलं नाही. करिअरवर पोस्टी मात्र टाकत राहिलो. मला घडवणाऱ्या माणसांवरही एक लिहिली. तुम्ही सगळ्यांनी बदाम टाकलेत.

अक्कांचा मेसेज आला. "वाचले. त्यात मी नाही."

गेल्या महिन्यात शेवटचा. "डॉक्टर बरे सांगत नाहीत. स्वल्प लवकर लिही."

मी तो वाचला. वाचल्याचं त्यांना दिसलं असणार. त्याच आठवड्यात एका कॉन्फरन्समध्ये माझं भाषण होतं. म्हटलं, ते होऊन जाऊ दे.

आज सकाळी श्रीनिवासअण्णांचा फोन आला.

"अक्का गेली. तुमचं लिहिलेलं रोज बघायची, उशाशी मोबाइल घेऊन. तिच्या चुकीनं तुम्हाला त्रास झाला, तरी ओळख ठेवलात. मोठं मन तुमचं."

मी काय म्हणालो, सांगू?

"असू द्या, अण्णा."

म्हणजे आजसुद्धा.

अण्णा, तुम्हाला टॅग केलंय. चूक अक्कांची नव्हती, माझी होती. त्या केबिनमध्ये त्यांनी खरं सांगितलं आणि मी खोटं बोललो. तुम्ही हे वाचाल तेव्हा त्यांना तुमच्या शेजारी बसायचं होतं. तेवढंच मागत होत्या.

बाकीच्यांनी खाली 'सर, हे लिहायला हिंमत लागते' वगैरे लिहू नये. हिंमत असती तर गेल्या महिन्यात लिहिलं असतं.

शकूअक्का, तुम्हाला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. लांबूनच नमस्कार करतो.