पुजलेलं गॅरंटी कार्ड

मिस्त्रीचाचा कुठल्याही यंत्राला हत्यार लावण्याआधी कान लावायचे. पंप असो की मिक्सर, डोळे मिटून ऐकत बसायचे. मध्येच कुणी बोललं तर म्हणायचे, "गप की जरा. त्ये काय सांगतंय त्ये ऐकू दे." लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचे ते फिटर. त्यांच्या या थाटाला मी मनातल्या मनात हसायचो. नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले गिझर बसवायला. बाबांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. रोज गरम पाण्याने हात शेकला तरच बोटं हलतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई अंगणातल्या बंबाचं पाणी बादलीने माडीवर न्यायची. एकदा जिन्यात बादली कलंडली, तिचा पाय चांगलाच भाजला, आणि गिझर घ्यायचं ठरलं.

गिझर भिंतीवर चढला तसा आईने नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. गॅरंटी कार्डसुद्धा तिने देवापुढे ठेवलं आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. कार्डाचा खालचा तुकडा फाडून कंपनीला धाडायचं काम चाचांचं होतं. त्यांनी कार्ड उचललं, जरा वेळ पाहिलं, परत देवापुढे ठेवलं आणि चहा पिऊन गेले. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

सात महिन्यांत टाकी गळायला लागली. बाबांची बोटं तेव्हा कुठे वळू लागली होती. मी कार्ड घेऊन दुकानात गेलो. कंपनीचे साहेब तिथे आलेलेच होते. "खालचा तुकडा आमच्याकडे पोचलेला नाही. क्लेम बसत नाही," ते म्हणाले. मी तावातावाने भांडलो, बाबांचं सांगितलं. साहेब ढिम्म.

कोपऱ्यात पंप खोलून बसलेले चाचा हात पुसत उठले.

"साहेब, त्यो तुकडा फाडायचं काम माझं हुतं. मी फाडला न्हाई."

"का?"

"वहिनींनी पूजा केलती त्याची. पुजलेला कागद फाडाय हात धजला न्हाई. चूक माझी हाय, त्यांचं पाणी कशापायी थंड करताय?"

साहेबांनी कार्डावरचं स्वस्तिक पाहिलं. मग नवी टाकी मंजूर केली आणि कंपनीच्या फिटरांच्या यादीतून चाचांचं नाव काढलं. बाहेर आल्यावर मी चाचांना गाठलं. "चाचा, तुमचं काम गेलं," एवढंच म्हणालो.

"गावात पंप कमी हायत व्हय, मास्तर? यादीत नसलो म्हून काय, टाकी आली की येतो."

आले. या वेळी त्यांनी आधी नव्या कार्डाचा खालचा तुकडा फाडून घेतला, मग कार्ड आईच्या हातात दिलं. "आता करा पूजा." आई पदर तोंडाला लावून हसली. पुढची चार वर्षं त्या गिझरने कधी दगा दिला नाही. मला त्यांचे आभार नीट मानता आले नाहीत, याची चुटपुट आजही आहे.

चाचा गेल्याचं कळलं त्या सकाळी बाबा काठी घेऊन दारात उभे राहिले. आजारपणानंतर ते कधी गल्लीबाहेर गेले नव्हते. "मला घेऊन चल," म्हणाले. कबरस्तानात लोक एकेक करून माती देत होते. बाबांची पाळी आली, तेव्हा त्यांनी काठी माझ्याकडे दिली, माझ्या खांद्याचा आधार घेत वाकले आणि उजव्या हाताने मूठभर माती उचलली.