पिवळी रेघ

आमच्या गल्लीतल्या झाडांना तेवढी बापूंनी पिवळी रेघ मारली नाही, कारण झाडांना नट नसतात. बाकी काही सुटलं नाही. गॅसची शेगडी, शाळेचे बाक, मारुतीच्या देवळातली घंटा, संतोषचे यंत्रमाग, माझ्या कुकरचं हँडल. जिथे म्हणून नट होता तिथे बापूंचा पाना पोचला आणि पान्यामागोमाग त्यांचा करंगळीएवढा ब्रश. तुम्ही दोघं लहानपणी त्यांना ‘पिवळे आजोबा’ म्हणायचात. अंगावर पिवळा कपडा कधी नसे, पण नखं बारा महिने पिवळी. आत्ताच कुणाच्या तरी हळदीहून आल्यासारखी.

बापू म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. पुण्याकडे मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर सुमनला, म्हणजे माझ्या जावेला, घेऊन वडगावात आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. कारखान्यात त्यांचं काम काय, तर पुढून येणाऱ्या गाडीचं पुढचं डावं चाक आवळायचं. गाडी पुढे सरकली की दुसरी गाडी, तेच चाक. रस्त्यावरून एखादी मोटार गेली की बापू मान ताठ करून म्हणत, “वैनी, त्या गाडीचं म्होरलं डावं चाक माझं हाय.”

“आणि बाकीची तीन?” तुमचे आजोबा विचारायचे.

“त्येंचं मला म्हायती न्हाय,” बापू तुटकपणे सांगत. त्या तीन चाकांविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत संशय होता.

रेघेचं शास्त्र आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याला ते ऐकावं लागे. नट पूर्ण आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी नट हलला तर रेघ मधोमध मोडते. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर, एकमेकींकडे पाठ फिरवून. लांबूनसुद्धा दिसतं. “रेघ मारली की त्या नटाचा बाप मी,” असं म्हणून बापू छातीवर हात ठेवत. गल्लीत त्यांची एवढी अपत्यं होती, की सख्ख्या मुलाच्या, महेशच्या, वाट्याला त्यातला किती बाप आला हे त्यालाच विचारायला हवं.

तसं कुटुंबावर त्यांचं प्रेम अफाट होतं, फक्त ते लोखंडातून जायचं. महेशसाठी निपाणीला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली, खुर्चीवर बसणार तोच बापू उठले. “थांब गं बाळ, ही खुर्ची हालतीया.” खिशातून पाना निघाला, खुर्ची उलटी झाली, रेघ वाळेपर्यंत मुलगी उभीच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मुलीचे वडील मात्र बघतच राहिले. त्यांनी आत जाऊन घरातल्या उरलेल्या चारही खुर्च्या आणल्या. लग्न तिथेच ठरलं म्हणायचं. सुमनच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तर त्यांनी तिच्या वॉर्डातल्या सगळ्या खाटा आवळल्या आणि सिस्टरने त्यांना बाहेर काढलं. सुमन म्हणाली, “आक्का, बरं झालं काढलं ते. माझ्या गुडघ्याला रेघ मारायच्या बेतात हुते.”

त्यांची एक फुशारकी मात्र खरी होती. कारखान्यात म्हणे डोक्यावरून एक दोरी जाते. कुणाच्या कामात खोट निघाली की ती ओढायची, की सगळी लाइन जागच्या जागी उभी. मग ज्याच्यामुळे थांबली त्याच्याकडे सगळे माना वळवून बघतात. “माझ्यापायी लाइन कंदी थांबली न्हाय, वैनी. एकदाबी न्हाय.” हे वाक्य जेवताना, अंत्यविधीत, नळाच्या रांगेत, कुठेही येऊ शकत असे. मी माझ्या शाळेत इतकी वर्षं शिस्त राखली, पण तिची जाहिरात इतक्या ठिकाणी केली नाही.

बापूंचं खरं राज्य वैशाखात. आपल्याकडे जुन्या तिथीने वैशाखात शिवजयंती होते आणि तिला चित्ररथ निघतात हे तुम्हाला आठवत असेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर प्लायवूडचा किल्ला, आणि बुरजावर वेष करून उभी राहिलेली गल्लीतली मुलं. आमच्या गल्लीचा सांगाडा बापू स्वतः आवळत आणि प्रत्येक नटावर रेघ मारत. तोवर एकही मूल वर चढायचं नाही. मंडळाचा अध्यक्ष संतोष, तोच तो मागावाला, सगळ्यांवर खेकसायचा, पण बापूंपुढे हात बांधून उभा राहायचा.

आणि मग बापूंचे हात थरथरू लागले. आधी त्यांनी ते कबूल केलं नाही. अर्धा कपच चहा मागायला लागले. “डाक्टरनं कमी कराय सांगितलंय,” म्हणत. तुम्ही मागच्या वेळी येणार होतात आणि आला नाहीत, तेव्हा मी व्हरांड्यात झोपाळा बसवून घेतला होता. तो बापूंनीच लावला, रेघा मारल्या, “ओके” म्हणाले. ते खाली गेल्यावर मी आपली सवयीप्रमाणे धूळ पुसायला गेले, तर कडीचा नट फडक्याबरोबर फिरला. रेघ मोडली. बापूंच्या नटाची रेघ, माझ्या फडक्याने.

मी तडक संतोषकडे गेले. चित्ररथाचं काम तोंडावर आलं होतं आणि त्या बुरजावर मुलं उभी राहणार होती. संतोषने माग बंद केला, मला स्टूल दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “म्हायती हाय, काकू. गेल्या साली बी असंच. बापूअण्णा आवळून गेलं की आम्ही मागनं पाना लावतो. त्येंला काय कळत न्हाय.”

“आणि रेघेचं काय?”

“कसली रेघ?”

आता हसावं की रडावं? ज्या पोरांना बापूंनी जन्मभर रेघेचं शास्त्र ऐकवलं, त्यातल्या एकानेही ते ऐकलं नव्हतं. नट मागून फिरवला की रेघ मोडणार, आणि रेघ मोडली की बापूंना पहिल्या नजरेत कळणार, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मी घरी आले आणि भावजींना सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

“भावजी, ट्रॉलीवरच्या रेघा मोडलेल्या असतात. तुम्ही बघता ना?”

बापू अर्धा कप चहा दोन्ही हातांनी धरून बसले होते. म्हणाले, “मोडल्याच पायजेत, वैनी. मोडली म्हंजी पोरांनी आवळलंय. मी पहाटं जाऊन बघतो. एखादी सरळ गावली, की म्हणतो, ह्येला जरा परत पाना लाव रं, मला बरं वाटंना. लावत्यात.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोरांस्नी सांगू नगा. त्येंला वाटतंय मला म्हायती न्हाय. वाटू दे की.”

म्हणजे बघा. अख्खी गल्ली बापूंना फसवत होती, बापू अख्ख्या गल्लीला फसवत होते, आणि या दुहेरी खोटेपणातून काम मात्र चोख होत होतं. बापूंना गमवायचं नव्हतं ते एवढंच: माझ्यापायी लाइन कधी थांबली नाही, हे म्हणायचा हक्क. तो मी कशाला काढून घेऊ?

त्या साली आमच्या गल्लीतल्या बसण्णाची नात जिजाऊ झाली होती. घरी कानडीशिवाय एक शब्द न बोलणारी ती पोर, हिरवं लुगडं आणि नाकात नथ घालून, सगळ्यात वरच्या बुरजावर उभी. संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू झाला, डॉल्बी सुरू झाला, आमच्या खिडकीची तावदानं हलू लागली. मी आणि सुमन दारात उभ्या होतो. ट्रॉली दोन हात पुढे सरकली आणि झेंड्याचा कापडी पडदा वाऱ्याने उडाला. बुरजाच्या खालचा अँगल उघडा पडला. त्यावरच्या नटावर पिवळी रेघ होती. पडद्यामागे राहिल्यामुळे तो नट पोरांच्या हातून सुटला होता, आणि पहाटे बापूंच्या नजरेतूनही.

रेघ अगदी सरळ होती.

बापू ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर. ते थरथरत होते, आणि आता ते सगळ्यांना दिसत होते.

“थांबवा! लाइन थांबवा!”

ड्रायव्हरने ब्रेक मारला. डॉल्बीवाल्याला काही कळेना, संतोषने धावत जाऊन तो बंद करवला. मागच्या मंडळाची पोरं शिट्ट्या मारू लागली. काय झालं म्हणून बसण्णा गर्दीतून कानडीत ओरडला, “एनातु, बापूअण्णा?”

“पोरीला खाली घ्या. बुरजाचा नट ढिला हाय.”

संतोष पळत आला, वाकून बघितलं. “कुठं ढिला? ओके हाय की! ही बघा तुमची रेघ. सरळ हाय!”

“म्हणूनच म्हणतोय!” बापू म्हणाले. गल्ली शांत झाली होती, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. “ती रेघ माझी हाय. माझ्या हातात आता जोर न्हाय. मी आवळलेला नट ढिलाच ऱ्हातो. तुम्ही मागनं आवळता म्हणून चालतंय. ह्यो तुमच्याकडनं ऱ्हायला.”

कारखान्यात बघत असतील तसेच सगळे त्यांच्याकडे माना वळवून बघत होते. बसण्णाने नातीला खाली उतरवलं. संतोषने नटाला हात लावला तर तो बोटांनीच फिरला. त्याने पाना घेतला, अंगातला सगळा जोर लावून आवळला, आणि मग काय सुचलं कोण जाणे, बापूंच्या शर्टाच्या खिशातला ब्रश काढून त्यांच्याच हातात दिला.

“मारा, बापूअण्णा.”

बापूंनी मारली. इतकी वाकडी रेघ मी जन्मात बघितली नव्हती. नटावरून निघाली, पत्र्यावर आली आणि तिथून भलतीकडेच गेली.

“ओके,” बापू म्हणाले. “सोडा.”

रात्री जेवताना त्यांनी मान वर केली नाही. “माझ्यापायी लाइन थांबली, वैनी.” मी म्हटलं, “एकदाच तर थांबली. आता तो विषय जेवताना काढायचा नाही. नाहीतर एवढी वर्षं ऐकलं त्याचं उलटं आणखी तेवढीच वर्षं ऐकावं लागेल.” सुमन तोंडाला पदर लावून हसली. बापूंनी भाकरीचा तुकडा मोडला, म्हणजे राग गेला होता.

दिवाळीनंतर महेश दोघांना पुण्याला घेऊन गेला. हात, गुडघे, डॉक्टर, सगळं तिथे सोयीचं. निघताना संतोष, बसण्णा, सगळी गल्ली दारात. बापूंनी पाना संतोषला दिला, रंगाचा डबा दिला, आणि गाडीत बसण्याआधी वाकून पुढचं डावं चाक तेवढं बघितलं. आता ऐकते, महेशच्या सोसायटीत पार्किंगच्या फाटकाला, जिन्याच्या कठड्याला आणि सेक्रेटरीच्या पाटीला पिवळ्या वाकड्या रेघा दिसतात. सेक्रेटरीने सूचना लावली आहे, ‘भिंती खराब करू नयेत’. ती पाटी ज्या स्क्रूंवर लटकते, त्यांनाही रेघ आहे म्हणे.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत, संतोषचा माग, बसण्णाची नात, सगळं विचारून झालं की शेवटी येतं ते येतंच. “वैनी, झोपाळ्याची रेघ बघितली काय?”

आता तुम्हां दोघांना सांगते. तुम्ही तिकडे इतक्या लांब, की झोपाळ्यावर बसायला इथे कुणी नाही. मी त्यावर वाळलेले कपडे घड्या करून ठेवते. पण या वैशाखात तुम्ही येणार असं तुमच्या आईने सांगितल्यावर मी संतोषला बोलावून चारही नट पक्के आवळून घेतले, आणि बापूंच्या जुन्या रेघा तशाच ठेवायला सांगितल्या.

“मोडल्या काय?” या रविवारी बापूंनी विचारलं.

“मोडल्या. चारही.”

“मग पोरांस्नी बसू दे,” ते म्हणाले.

तेव्हा बिनधास्त बसा.