टाक्यांचा कल

सकाळपासून आभाळ अंगावर आल्यासारखं कोंदलेलं. वारा नावाला नाही. दोरीवरचे कालचे कपडे आजही दमटच. बाहीवालीने केर काढला, पाणी भरलं, चहाची भांडी विसळली, तरी दिवस उजाडल्यासारखा वाटेना. शेवटी मशीन खिडकीपाशी ओढून ती बसली.

बाहीवाली हे तिचं कारखान्यातलं नाव. तिथे शाळेच्या गणवेशाचे कोट शिवायचे आणि बावीस वर्षं हिने फक्त बाह्या बसवल्या. कॉलर दुसरीची, काजं तिसरीची. अख्खा कोट बघायचा तो रस्त्याने जाणाऱ्या पोरांच्या अंगावर. मग एक दिवस चाळीस कोटांना डावी बाही उजवीकडे नि उजवी डावीकडे बसलेली निघाली. गठ्ठ्यावर चिठ्ठी हिच्या नावाची. "घे, घरी टांगून ठेव!" म्हणत देखरेखीवरच्या मास्तरने त्यातला एक कोट तिच्या अंगावर भिरकावला.

आदल्या दिवशी ती तापाने फणफणली होती, दुपारीच घरी गेली होती. गठ्ठा संपवून गेले की अर्धा ठेवून, तेही तिला धड आठवेना. शेजारच्या मशीनवर तिची मैत्रीण बसायची. डावखुरी, म्हणून सगळा कारखाना तिला डावरीच म्हणे. तिने शपथेवर सांगितलं, "मी बोटसुद्धा लावलं नाही गं. तापात झालं असेल तुझ्याकडून. डोळे दाखवून घे एकदा." आणि नुसतं सांगून थांबली नाही, हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डोळे ठणठणीत आहेत, असं डॉक्टर म्हणाला, तर बाहेर पडल्यावर म्हणते, "त्यालाच चष्मा लागलाय!" दोघी रस्त्यात पोट धरून हसल्या होत्या.

पण हिने हाय खाल्ली ती खाल्लीच. कारखाना सोडला. एकोणीस वर्षं सुई हातात धरली नाही. नवऱ्याच्या शर्टाचं बटणसुद्धा शेजारणीकडून लावून आणायची.

या वर्षी सुनेने माळ्यावरचं मशीन खाली काढलं. "आई, दिवसभर मला चालवता, त्यापेक्षा हे चालवा," म्हणाली. आधी वाकडीतिकडी पिशवी झाली, मग उशीचे अभ्रे, मग नातीच्या बाहुलीला कोट. कॉलरीपासून काजापर्यंत अख्खा एकटीने शिवलेला! बाही बसवताना मात्र तीन-तीनदा डावी-उजवी बघितली. तरी कोट झाल्यावर तो भिंतीला टांगून ती लहान पोरीसारखी येता-जाता बघत राहिली.

आज तिने मास्तरने तेव्हा फेकलेला कोट काढला होता. कापड दणकट, नातीला दप्तर होईल. बाहीच्या आतलं अस्तर हाताने टाचलेलं होतं, ते ती उसवायला लागली. चार टाके निघाले नि हात थांबला. तिचे टाके उजवीकडे झुकायचे. हे डावीकडे झुकलेले होते, आणि दोऱ्याची गाठही भलत्याच टोकाला. दुसरी बाही पाहिली. तेच. अख्ख्या कारखान्यात डाव्या हाताने शिवणारी एकच होती.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. रोज साडेदहाला डावरी चहाला यायची.

"काय गं, दुकान मांडलंस की! हा माझा ब्लाउज जरा आत घे. तुझा हात आता काय सुंदर बसलाय."

बाहीवालीने कोट तिच्यापुढे सरकवला. "हे टाके कुठे झुकलेत, बघ."

डावरीने बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. "एकोणीस वर्षं झाली त्याला."

"तुला बरं पाठ आहे."

"अगं, तू तापलेली गेलीस. म्हटलं, तुझं काम मागे पडायला नको, घाईघाईत मीच बसवल्या. मास्तरने मला उभीच्या उभी काढली असती. दोन पोरं होती माझ्या पदरात. तुझा नवरा तरी कमावता होता."

"मास्तरला नव्हतं सांगायचं, ठीक. मला सांगायचंस. मी तोंड शिवून बसले असते." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तू मला माझ्याच हातांना भ्यायला लावलंस. रोज माझ्याकडचा चहा पीत बघत बसलीस. वर डॉक्टरकडे नेलंस गं!"

"रोज सांगायचं ठरवूनच यायचे," डावरी म्हणाली. "मग तू चहा टाकायचीस."

बाहीवालीने तिचा ब्लाउज उचलला, नीट घडी केली आणि तिच्या हातात दिला. "दुसरीकडे टाक."

डावरी उंबऱ्यात जरा घुटमळली. चहाचं कुणी विचारलं नाही. मग चप्पल वाजत दूर गेली.

आतून सून ओरडली, "आई, ऊन पडल्यासारखं वाटतंय. कपडे उलटता का जरा?"

ती उठली. दोरीवरच्या पोराच्या शर्टाची एक बाही आत गुंतली होती. तिने हात घालून ती बाहेर ओढली, झटकली आणि पुढचा कपडा घेतला.