कमानीआधी छप्पर

ज्या शाळेने तुम्हाला शिकवलं, तिच्या कमानीवर तुमचं नाव हवं की तिच्या वर्गात पोरं हवीत?

परवा वीज गेली म्हणून मेणबत्ती लावली, आणि वितळलेल्या मेणाच्या वासाने मला आमच्या जुन्या मिशनरी शाळेच्या चर्चमध्ये नेऊन बसवलं. तेव्हा मी सहावीत होतो. वर्गाचं छप्पर गळायला लागलं, तसं फादरांनी सगळा वर्ग चर्चमध्ये हलवला. वेदीशेजारी टेकवलेला फळा, मेणाचा आणि ओल्या गणवेशांचा एकत्र वास, आणि प्रार्थनेच्या बाकांवर अपूर्णांक सोडवणारे आम्ही. राजूरकडच्या डोंगरातून वसतिगृहात आलेली सुगंधा उठून म्हणाली, "फादर, आमी देवाच्या घरात बसलो. मंग देव कुठं बसंल?"

"तुमच्या गळक्या वर्गात," फादर म्हणाले. "त्याला सवय हाय."

आम्ही पोट धरून हसलो.

आज सुगंधाची मुलगी त्याच वर्गात शिकते. छप्परही तेच आहे. पावसाळ्याआधी ते बदललं नाही, तर वर्ग बंद करावा लागेल, असं शाळेने कळवलंय. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मात्र निधी जमतोय तो ग्रॅनाईटच्या कमानीसाठी, देणगीदारांच्या नावांसकट. मी छपराचा फोटो टाकला, तर एका वर्गमित्राने लिहिलं, "भावा, छपरावर नाव कोण वाचणार?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

हसण्यात आपण तेव्हाही पटाईत होतो.

तुम्ही त्या शाळेचे असाल, तर आजच ग्रुपवर एवढं लिहा: माझी देणगी छपरासाठी, नाव नको.