चांगुणाचे कान

चांगुणाला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. लोक काय म्हणतात ते धाकट्या भावानं, अजिनाथनं, तिच्यासमोर यायचं, तोंड नीट उघडायचं आणि सांगायचं. कधी मुद्दाम भलतंच सांगायचा. मास्तर तुला शेळी म्हनले, असं काहीतरी. मग स्वतःच हसायचा, आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची. पण कामाच्या गोष्टीत त्यानं तिला कधी फसवलं नव्हतं. शेवगावजवळच्या त्या गावात सगळे म्हणायचे, चांगुणाचे कान अजिनाथच्या डोक्याला आहेत.

डावा पाय पोलिओनं बारीक राहिलेला. डोळ्यांचं दुखणं मात्र आईकडून आलं होतं. आईला दिवेलागणीनंतर दिसायचं नाही, आणि पुढे पुढे भरदुपारीही नळीतून पाहावं तेवढंच दिसायला लागलं. चांगुणाचंही तसंच झालं. लग्न झालं त्या वर्षी एका संध्याकाळी ती सासरच्या आडाच्या काठावर धडकली. थोडक्यात वाचली. सासूनं दुसऱ्याच दिवशी माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती अजिनाथकडे.

कपाशी वेचून ती आपलं भागवायची. पण समोरचं बोंड दिसे, बाजूचं राही. गेल्या हंगामात मुकादमानं तिला बोलावणं बंद केलं. पंचेचाळिशीत आता ती साबणाची वडीसुद्धा भावजयीकडे मागायची. मागताना तिची मान आपोआप खाली जायची.

म्हणून निराधार योजनेची पेन्शन. सेतू केंद्रातल्या बाईंनी समजावून सांगितलं की दाखल्यावर निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. पाय, कान, डोळे वेगवेगळ्या खोल्यांत तपासतात आणि मग हिशेबानं एकत्र करतात. तिन्ही धरले तर काही अडचण नाही, बाई म्हणाल्या. अजिनाथनं हे चांगुणाला सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. एवढी दुखणी एकदाची कामाला आली म्हणायची.

नगरच्या सरकारी हॉस्पिटलात दोघं एसटीनं गेली. पाय झाला. कान झाले. डोळ्यांच्या खोलीबाहेर तिला बाकावर बसवून अजिनाथ आत गेला. लगेच बाहेर आला, तिच्यासमोर उभा राहिला.

"आक्का, डोळ्याचा डॉक्टर रजेवर हाय. आपल्याजवळचे जुने कागद धरनार हायेत."

येताना त्यानं तिला उसाचा रस पाजला.

दाखला आला तो सदतीस टक्क्यांचा. पायाचे, कानांचे. डोळ्यांच्या रकान्यात काही नव्हतं. नशीब, असं अजिनाथ म्हणाला, आणि तिनंही नशीबच म्हटलं.

मग शेवगावच्या बाजारात तिला बनुबाई भेटली. नगरला जाताना एसटीत शेजारी बसलेली, मोतीबिंदूनं एक डोळा गेलेली म्हातारी. बनुबाईनं विचारलं, डोळे का नाही तपासलेस? डॉक्टर नव्हते, चांगुणा म्हणाली. म्हातारीनं तिचा दंड धरला आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं.

"न्हवते कसे? माझा त्यांनीच पाहिला की. तुजं नाव पुकारलं, तर तुझा भाऊच म्हनला, डोळे ठनठनीत हायेत तिचे, वेळ घालवू नका."

चांगुणा भाजी न घेताच घरी आली. अजिनाथ ओट्यावर कांदे निवडत होता. तिनं विचारलं. त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही.

"दिशाचं जमत आलंय," तो म्हणाला. दिशा त्याची मुलगी. "डोळ्याचं सरकारदप्तरी चढलं की घरान्याची खोड म्हनून गावभर. आज्जीला हुतं, आत्याला हाय. मग पोरीला कोन करनार?"

"लगीन झाल्यावर जाऊ."

"मग परत धाडायला निमित्तच. तुज्यासारखं."

हे त्यानं तिच्याकडे तोंड करून, नीट उघडून सांगितलं. सगळं कळावं म्हणून. मग विचारलं, "तुला हितं खायाला कमी पडतंय का?"

ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे कोणी पाहिलंही नाही.

फेरतपासणीचा अर्ज सेतूतल्या बाईंनीच भरून दिला. चांगुणा नगरला एकटी गेली. दारावरच्या शिपायाला सांगितलं, मला ऐकू येत न्हाई, नाव आलं की खांद्याला हात लावा. मग नजर त्याच्यावरच ठेवून बसली. नजरेत मावत होता तेवढा तोच एक माणूस होता. त्यानं हात लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलेलं तिला दुसऱ्यांदा कळलं. घरात आणखी कोणाला आहे का?

"आईला हुतं," ती म्हणाली.

या वेळी दाखला चाळीसच्या बराच वर गेला. काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. साबण ती स्वतः आणू लागली. अजिनाथ तिला रागावला नाही. फक्त तिच्याकडे तोंड करून बोलणं त्यानं सोडलं. चुलीकडे बघून बोले, गायीकडे बघून बोले. घरात काय चाललंय ते ती अंदाजानं ओळखू लागली.

दाखल्याचं पाहुण्यांपर्यंत गेलंच नाही. ते दिशाला कुंकू लावायला आले. चांगुणा नवं लुगडं नेसून दाराशी बसली होती. पाहुण्यांतली एक बाई तिच्याकडे वळून काहीतरी बोलली, मग थांबली. उत्तराची वाट पाहत असावी. बाईच्या तोंडासमोर पदर होता.

चांगुणानं सवयीनं अजिनाथकडे पाहिलं.

तो बशीत चहा ओतत होता. त्यानं मान वर केली नाही. तिनं आणखी थोडं थांबून पाहिलं. मग बाईकडे वळून हसली आणि मान हलवली. कशाला हो म्हटलं, ते तिला ठाऊक नव्हतं.