कमी मार्कांचे पेढे

आमच्या घरात माणसाची किंमत मार्कांवर ठरायची. बाबांनी माझा प्रत्येक निकाल शेजारच्या काकांच्या मुलाशी ताडून पाहिला आणि दर वेळी मला फाडून खाल्लं.

यंदा निकाल बाबांचा लागला. रक्तातला पीएसए वाढला म्हणून प्रोस्टेटची बायोप्सी केली. कॅन्सर निघाला, ग्लीसन स्कोअर सहा. सवयीने बाबांचा चेहरा पडला. "दहापैकी सहाच?"

डॉक्टर हसले. "काका, इथे जितके कमी तितकं चांगलं. सहा म्हणजे सगळ्यात सौम्य. ऑपरेशनची घाई नाही, पीएसए तपासत राहू."

परतताना रिक्षात मी सूड उगवला. "सहाच? जरा वेळेवर अभ्यास केला असता तर?"

बाबांनी चिडून रिक्षा थांबवली आणि पेढे घेतले. नवघरच्या आमच्या मजल्यावर कमी मार्कांचे पेढे पहिल्यांदाच वाटले गेले.

संध्याकाळी शेजारचे काका आले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "माझ्या बायोप्सीचाही रिपोर्ट आलाय. नऊ. आम्ही तुमच्या पुढेच, बघ."

हसलं कोणीच नाही. बाबा सरकून त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, मार्कांवर काय असतं? मार्क म्हणजे सगळं नसतं."

दहावीच्या निकालापासून मी या वाक्याची वाट बघतोय. आणि तेही शेवटी मिळालं शेजाऱ्यांनाच!